मिश्री सोडायची कुणी?

आज आशा सेविकांचं प्रशिक्षण. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बाईशी कसं बोलायचं, त्याचा सराव. सरावात आशा झालेलीनं बसता बसता कर्करोगाचा विषय काढला. समोरची "हो ताई, सोडते" म्हणून मोकळी. हे 'हो' ताईनं आता उठावं म्हणून असतं.

मग विचारायला लावलं, "मिश्रीनं बरं काय वाटतं?" खसखस पिकली. पण उत्तरं आली: त्याशिवाय पोट साफ होत नाही, जावेसोबत ओट्यावर बसायला तेवढंच निमित्त. आणि मग आपणहून, "पण नातवाला जवळ घेतलं की सून नाक मुरडते." बस, हेच धरून पुढचा प्रश्न. कर्करोग नंतर, तोही विचारून.

ही रीत विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडली, दारूच्या व्यसनावर काम करताना. नॉर्वेतल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी प्रत्येक प्रश्नामागचं कारण खोदून विचारलं, तेव्हा ती मिलर यांना स्वतःलाच नीट उमगली. नुसत्या कार्यशाळेनं हे कौशल्य टिकत नाही, नंतर कुणीतरी संभाषण ऐकून दुरुस्त्या सांगाव्या लागतात, हे २००४ च्या मिलर यांच्याच अभ्यासात दिसलं. आमच्या पत्रकात प्रशिक्षणाला एकच दिवस आहे, चहा-नाश्त्यासकट! अशा दुरुस्त्यांसाठी मासिक बैठकीत अर्धा तास मागून बघते. रजिस्टरं तपासणं जरा उशिरा झालं तर चालेल.