विसाचे पंधरा आणि एक

दिवाळीच्या साफसफाईत आईच्या कपाटात, शालूच्या घडीखाली एक खाकी पाकीट सापडलं. वर बाबांच्या अक्षरात फक्त 'इंजिन' असं लिहिलेलं. आत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स लिमिटेडची शेअर सर्टिफिकेटं. एकूण ४०० शेअर, दर्शनी किंमत प्रत्येकी २ रुपये. पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईचं.

सदाशिव पेठेत अशी पाकिटं घरोघरी निघतात. आमच्याकडच्या मंडळींना सट्टा करायचा नसतो. कंपनी ओळखीची असली, तिथे नोकरी करणारं कुणीतरी वाड्यातच राहत असलं, की थोडे शेअर घ्यायचे, पाकिटात घालायचे आणि विसरून जायचं. याला आम्ही गुंतवणूक म्हणतो :-)

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे विकून टाकू आणि आईच्या नावावर बँकेत ठेवू." मलाही वाटलं, आठवड्याभराचं काम. मग चौकशी सुरू केली आणि कळलं, की आमच्या हातातल्या कागदावर ज्या कंपनीचं नाव आहे, ती कंपनी आता त्या नावाची नाही. आणि त्या नावाची जी कंपनी आज आहे, ती ही नाही!

मला हे समजायला दोन संध्याकाळी लागल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०१० साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची विभागणी झाली. इंजिनांचा धंदा 'किर्लोस्कर इंजिन्स इंडिया' नावाच्या नव्या कंपनीत गेला. जुन्या कंपनीकडे गुंतवणुकी, पवनचक्क्या, किर्लोस्कर फेरसमधला हिस्सा असं राहिलं. मग जुन्या कंपनीने नाव बदलून 'किर्लोस्कर इंडस्ट्रीज' घेतलं आणि नवीने जुनीचं नाव उचललं. भागधारकांना जुन्या २० शेअरमागे नव्या इंजिन कंपनीचे २ रुपयांचे १५ शेअर आणि इंडस्ट्रीजचा १० रुपयांचा १ शेअर. विसाचे ४० रुपये. पंधराचे ३० आणि एकाचे १०. हिशेब चोख. म्हणजे आमच्या ४००चे झाले ३०० आणि २०, आणि बाबांच्या पाकिटातले कागद झाले रद्दी.

असं का करतात? मला समजलं ते असं. एकाच दप्तरात कारखाना आणि गुंतवणूक दोन्ही असलं, की इंजिनात पैसा घालणार्‍याला नुसत्या इंजिनाचा नफा-तोटा दिसत नाही, आणि गुंतवणुकीची खरी किंमत कारखान्याच्या आड लपते. वेगळं केलं की दोन्ही उघड्यावर येतात. वाड्याच्या वाटणीत सामायिक अंगण मोजायला घेतलं की जे होतं तेच. त्याच सुमारास, २००९ मध्ये, किर्लोस्कर घराण्यातही वाटणीचा करार झाला होता. पुढे त्यावरून भावाभावांत कोर्टकचेर्‍या झाल्या आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीने मिटवा असं सुचवलं. पेठेतल्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या वाड्यात एका मोरीवरून बारा वर्षं दावा चालला होता.

हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपलं इंजिन कुठल्यात गेलं?"

आईचं माहेर किर्लोस्करवाडी स्टेशनपासून बैलगाडीने दीड तासावर. तिच्या लेखी किर्लोस्कर म्हणजे शेअर नव्हे, गिरणी. गावात वीज यायच्या आधी मामांच्या शेजारी पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. पट्टा चढवला की पुक्-पुक्-पुक् आवाज शिवारापर्यंत जायचा. तो आला की बायका ज्वारीचे डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. आवाज बंद म्हणजे इंजिन बिघडलं, आणि मग त्या दिवशी जातं. आजीचे हात जात्यावर सोलवटलेले आईने पाहिले होते. "इंजिन आलं आणि आमच्या आईची पहाटेची दोन तासांची झोप परत आली," असं ती म्हणते. कुठल्याही कंपनीचा ताळेबंद मला एवढा स्वच्छ कळलेला नाही.

आणि गंमत म्हणजे हे इंजिनही त्या घराण्याच्या एका जुन्या फेररचनेतूनच आलेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायची यंत्रं केली, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. तो विकेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकर्‍यांची समजूत. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, भांडवलाला १० हजार रुपये दिले, आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली घरची भागीदारी मोडून किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. बाहेरच्या लोकांचे पैसे घ्यायचे तर हिशेब बाहेरच्यांना दाखवायला हवा, हे त्यांनी तेव्हा मान्य केलं.

नांगराचा धंदा पावसाच्या आणि शेतमालाच्या भावाच्या मुठीत असतो. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले, शेतकर्‍याकडे नांगराला पैसा उरला नाही. अमेरिकेत एमआयटीतून शिकून आलेले शंतनुराव तेव्हा कारखान्यात होते. लोखंडी फर्निचर, पंप, पुढे लेथ, जे भट्टीत आणि यंत्रावर निघू शकेल ते करून पाहिलं गेलं. आणि १९४६ साली खडकीला ऑइल इंजिन्स कंपनी निघाली. नांगर एकदा विकला की वर्षानुवर्षं गिर्‍हाईक परत येत नाही. इंजिनाला सुटे भाग लागतात, दुरुस्ती लागते, आणि ते विहिरीवरही चालतं, गिरणीतही. मला विचाराल तर खरी फेररचना ही. २०१०ची कागदावरची, ही भट्टीतली.

इंजिनाचंही पुढे तेच झालं. शेतात वीज पोचली तशी डिझेल पंपाची गरज कमी होत गेली, गिरणीला मोटर लागली. विभागणीनंतर बरीच वर्षं इंजिन कंपनीची विक्री अडीच-तीन हजार कोटींच्या आसपास घुटमळत होती. २०१७ साली तिने अहमदाबादची विजेचे पंप करणारी ला-गज्जर मशिनरीज घेतली, म्हणजे जी वीज आपलं गिर्‍हाईक पळवत होती तिच्याच बाजूला जाऊन बसली. दुसरीकडे जनरेटरचा धंदा वाढला आणि २०२३-२४ मध्ये विक्री साडेचार हजार कोटींच्या वर गेली. हॉस्पिटलं, मॉल, सोसायट्या. गिरणी त्यात कुठे असेलच तर तळाशी.

असो. आमचे शेअर कुठे होते? सरकारजमा. बाबा २००८ साली गेले, २००९ मध्ये वाडा पाडला, आम्ही तीन वर्षं सिंहगड रोडला भाड्याने राहिलो. पत्ता बदलल्याचं कुणालाच कळवलं नाही. विभागणीनंतरची नवी सर्टिफिकेटं पडक्या वाड्याच्या पत्त्यावर आली असणार आणि पोस्टमनने परत नेली असणार. सात वर्षं डिव्हिडंड मागितला नाही, की तो आणि त्यामागचे शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. कायदाच आहे. दोष सर्वस्वी आमचा. त्यातही जास्त माझा, कारण दादा तेव्हा परगावी होता आणि मी इथेच.

बरी गोष्ट ही, की तिथून ते परत मागता येतात, त्याला मुदत नाही. वाईट गोष्ट ही, की कंपन्या दोन म्हणून अर्जही दोन. बाबांचा मृत्यूचा दाखला, आईचं डीमॅट खातं (कागदी शेअर आता मिळत नाहीत), आधी कंपनीचं हक्काचं पत्र, मग सरकारी फॉर्म, मग पुन्हा कंपनीची पडताळणी. आणि आईची सही. शेअर घेतले तेव्हा आई चाळिशीची होती, बालवाडीत शिकवायची, सही ठसठशीत. आता ती एक्याऐंशीची आहे आणि हात कापतो. सही जुळत नसेल तर बँकेने नव्या सहीची साक्ष द्यायची, त्याला वेगळा फॉर्म.

बँकेत गेलो. टेबलामागची मुलगी चांगली होती. "काकू, सावकाश करा, घाई नाही." पहिल्या फॉर्मवर सही चौकटीबाहेर गेली. दुसर्‍यावर आडनावाची मात्रा राहिली. आई माझ्याकडे बघेना. मला एकदम वाटलं, कशाला हे? लाखांतली रक्कम आहे हे खरं, पण आमचं काही अडलेलं नाही. मी म्हटलं, "आई, राहू दे, घरी जाऊ."

"गप्प बस," ती म्हणाली. "तुमच्या बाबांनी ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेत ते." हे मला ठाऊक नव्हतं. तिसरा फॉर्म नीट झाला.

आता दोन्ही अर्ज गेलेत. विकायचं की ठेवायचं यावर दादाचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो इंडस्ट्रीज विका, मी म्हणतो तो एकेक शेअर आज हजारांत जातो तर ठेवा. आईने दोघांनाही विचारलेलं नाही. तिने माझ्याकडून दोन नवी पाकिटं मागून घेतली, पोचपावत्या वेगवेगळ्या घातल्या, आणि कापर्‍या हाताने एकावर लिहिलं 'इंजिन', दुसर्‍यावर 'बाकीचं'.