खडकीकडचं गेट

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० च्या टाळेबंदीत पाडला, तेव्हा पुण्यातल्या मित्रांनी मला फोटोंवर फोटो पाठवले. त्यांना हळहळ वाटत होती. मला त्या पुलाचं काही वाटलं नाही, कारण तो चौक आम्हा लोणावळा लोकलच्या पोरांचा कधी नव्हताच. आम्ही खडकीला उतरायचो आणि मागच्या अंगाने, झाडीतून विद्यापीठात शिरायचो. शहरासाठी जी पिछाडी होती, ती आमच्यासाठी दर्शनी बाजू होती. पण फोटोंच्या कडेला पत्र्याची कुंपणं दिसली, मेट्रोसाठी उकरलेली माती दिसली, आणि खडकीकडचं तरी सगळं जागेवर आहे ना, या काळजीने मी अस्वस्थ झालो. गाड्या सुरळीत झाल्यावर पहिल्या पावसात जाऊन आलो.

गणेशखिंडीतली ती मुख्य इमारत पावसासाठीच बांधलेली आहे. मुंबईच्या गव्हर्नराने पावसाळा पुण्यात घालवावा म्हणून बार्टल फ्रिअरच्या काळात काम सुरू झालं आणि १८७१ च्या सुमारास संपलं. लोणावळ्याजवळच्या आमच्या भुशीत पावसाळा म्हणजे चार महिने ओली लाकडं, ओलं अंथरूण आणि गुरांच्या खुरांचे आजार; त्याच पावसाची मजा घ्यायला कुणी मनोरा असलेला वाडा बांधतो, हे लहानपणी ऐकलं असतं तर खरं वाटलं नसतं. घाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर आली. पुढे वाफेच्या इंजिनांना पाणी पुरावं म्हणून आमच्या गावाशी धरण झालं. गव्हर्नराच्या या घरातल्या मेजवानीहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पोरं ही गोष्ट अजून एकमेकांना सांगतात, आणि सांगावीच.

मला त्याहून मोठी वाटते ती १९४९ ची गोष्ट. एका माणसाच्या चार महिन्यांसाठी राखलेली चारशेहून जास्त एकर जमीन त्या वर्षी फेब्रुवारीत विद्यापीठाची झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी जागेसाठी खटपट केली, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीला अठरा महाविद्यालयं होती आणि बारा जिल्हे होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे विद्यापीठ शहरात असूनही शहरापुरतं नव्हतं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला वेगळं निघालं, आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक एवढेच जिल्हे उरले. पुण्यातली काही माणसं याला कापाकापी म्हणत. मला त्याचा आनंदच वाटतो. कुणाचं तरी खडकी त्याच्या घराजवळ सरकलं होतं.

हे मी अक्कामुळे म्हणतो.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावीला चांगले मार्क मिळाले, पण मुलीने रोज रायवूडवरून खाली स्टेशनला जायचं, पावसात अंधार पडल्यावर परत यायचं, हे चुलत्यांना पटेना. आबा नेव्हीत हेल्पर होते. थोरल्या भावापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मग अक्का बाहेरून बी.ए.ला बसली. विषय इतिहास. पुस्तकं मी आणून द्यायची, दळण दळून आणल्यावर ती वाचायची. दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मच्या वेळी काही कागदांवर तिची सही समोर हवी होती, म्हणून आबांनी तिला माझ्यासोबत पाठवलं.

खडकीला उतरलो तेव्हा सरी चालू होत्या. तिच्या साडीचा काठ चिखलाने भरला. मोठ्या झाडाखालच्या खिडकीवर रांग होती, धुळ्याकडची पोरं होती, नगरची होती, एकजण कडेवर मूल घेऊन आली होती. फॉर्म दिला. काम संपलं होतं. पण अक्का म्हणाली, "लायब्ररी बघूया."

जयकर ग्रंथालयात काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "ताई, कार्ड?"

"कार्ड नाही. मी बाहेरून बसते. भुशीहून आलोय."

"भुशी कुठं आलं?"

"लोणावळ्याच्या वर."

त्यांनी घड्याळ बघितलं. "पुस्तक घरी नेता येणार नाही. इथं बसून वाचा, मी आहे साडेपाचपर्यंत."

तिने जोतीराव फुल्यांवरचं एक जाड पुस्तक मागितलं. खुर्चीत बसल्यावर चिखलाचे पाय खुर्चीखाली घेतले आणि मग ते विसरून गेली. माझ्या वहीत ती उतरवून घेत होती. सत्यशोधक समाजाची तारीख, २४ सप्टेंबर १८७३, आणि तिच्याखाली दोन रेघा. शेजारी एम.ए.च्या मुली होत्या, इस्त्रीच्या ओढण्या, पेनांच्या पेट्या. त्यांच्यातली एक उठून गेली तेव्हा अक्काने तिची जागा घेतली, कारण तिथे खिडकीचा उजेड जास्त होता. कुणी काही बोललं नाही. मी समोर बसून तिच्याकडे बघत होतो. घरात ती सतत कशाच्या तरी मध्ये उठायची. कुकर, गाय, आजीची हाक. त्या टेबलावर तिला दोन तास कुणी हाक मारली नाही. विद्यापीठ कशासाठी असतं असं मला आजही कुणी विचारलं, तर मी त्या दोन तासांबद्दल सांगतो. संशोधन, मानांकन, परदेशी करार हे सगळं हवंच. पण ज्या माणसाकडे कार्ड नाही त्यालाही साडेपाचपर्यंत खुर्ची मिळणं, हे सरकारी विद्यापीठाचं पहिलं काम आहे.

आम्हाला नेहमीची गाडी चुकली. घरी पोचलो तेव्हा चुलते ओट्यावर बसून होते. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. सकाळी आबांना म्हणाले, स्थळ बघायला लागा. दुसऱ्या वर्षाचे पेपर तिने दिले, पासही झाली. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला गेलाच नाही. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या मुलांशी माझं चांगलं आहे. चुलत्यांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

मी पुढे दोन वर्षं तिथेच एम.ए. केलं. रिफेक्टरीतलं जेवण, 'कमवा आणि शिका'मध्ये सकाळी बागेत माती ओढणारी, दुपारी वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलं, हे सगळं मी पाहिलं. पण वाचनकक्षातल्या त्या खिडकीजवळ मी बसत नसे.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. मी कामशेतला अक्काला फोन केला. माझा गळा भरून आला होता. ती म्हणाली, "बरं झालं. ती झाडाखालची खिडकी आहे का रे अजून?" मी आहे म्हणालो. तेव्हा होती. आता फॉर्म मोबाइलवर भरले जातात, कुणाला रजा काढून रांगेत उभं राहावं लागत नाही. मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या बाईसाठी मला हे फार चांगलं वाटतं. मात्र फॉर्मच्या निमित्ताने ग्रंथालय बघून येण्याची वाटही त्याबरोबर गेली, आणि तिची भरपाई कुणी केलेली नाही.

अक्काची मुलगी शाळेत असताना मी तिला दुसऱ्या शनिवारी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत न्यायचो. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच ती संस्था उभी केली, चार्ल्स कोरियांनी इमारत रचली, आणि संस्थेने शाळेतल्या मुलांसाठी मराठीतूनही व्याख्यानं ठेवली. लांबून आलेली मुलं पुढच्या रांगेत बसून खगोलशास्त्रज्ञाला प्रश्न विचारत. भाचीने पुढे विद्यापीठातूनच एम.एस्सी. केलं, हॉस्टेलवर राहून. नातेवाईक म्हणतात, आईचं मुलीने पूर्ण केलं. मला हे बोलणं आवडत नाही. मुलीचं शिक्षण मुलीचं. अक्काचं तिसरं वर्ष अजून तसंच बाकी आहे.

पहिल्या पावसात गेलो तेव्हा खडकीकडचं गेट जागेवर होतं. आतल्या वाचनकक्षात टाळेबंदीआधी स्पर्धा परीक्षेची मुलं दाटीवाटीने बसलेली असत; पोलीस भरती, राज्यसेवा, तलाठी. ही विद्यापीठाची खरी मुलं नव्हेत, असं एक प्राध्यापक मित्र मला म्हणाला. मी त्याच्याशी भांडलो. परभणी-बीडकडून भाड्याच्या खोलीत राहायला आलेल्या पोराला जिथे फुकट पंखा आणि शांतता मिळते, ती जागा त्याचीच आहे.

बाहेरून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठाची आता मुक्त अध्ययन प्रशाला आहे. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मी छापून घेतला आणि भाचीच्या हाती कामशेतला पाठवला. अक्षर फार बारीक आहे, मोठं करून पाठव, असा अक्काचा निरोप आलाय.