रविवारची मेस बंद

लातूरला मेस लावून शिकलेल्या कुणालाही विचारा, रविवारची रात्र म्हणजे मेस बंद. दुपारी फीस्ट, म्हणजे शिरा नाहीतर पाकात बुडालेले दोन गुलाबजाम, आणि रात्री ज्याचं त्यानं बघावं. निलंगा राईसच्या गाड्यांभोवती आता पोरांची जी झुंबड दिसते, ती ह्याच भुकेची. मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं मात्र खानावळीवाले. तो नांदेडचा, बारावीसाठी लातुरात आलेला. पण गाव माझ्याआधी त्यालाच पाठ झालं होतं, आणि मी आपला त्याच्या मागं मागं.

गंजगोलाई तुम्ही पाहिली असेलच. १९१७ सालची, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ती गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. कुठं सराफा, कुठं कापड, कुठं भुसार. भुसाराच्या बाजूनं निघालं की तुरीच्या डाळीचा तो कोरडा, धुळकट, जरासा गोडूस वास नाकात बसायचा, आणि तो पुरता जायच्या आत गल्लीच्या वळणावर लसणाच्या फोडणीचा दुसरा वास येऊन भेटायचा. वळण यायच्या आधीच तो म्हणायचा, "येसर टाकला बघ आप्पानं." आणि खरंच, पाटीवर लिंगायत खानावळ लिहिलेल्या त्या दारातून शिरलं की भाजलेल्या धान्याची, धन्याची, सुक्या खोबऱ्याची ती आमटी पातेल्यात रटरटत असायची.

आप्पा म्हणजे मालक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज खालचा, आणि वाढताना "पुरे" हा शब्द त्यांना कधी ऐकूच यायचा नाही. ताटात आधी मीठ, मग शेंगदाण्याची चटणी, तिच्यात बोटानं केलेलं आळं आणि त्या आळ्यात कर्डीचं तेल. ह्या तेलाचा कच्चा, उग्र वास ज्याला सोसतो तोच खरा मराठवाड्याचा, असं माझं आपलं मत आहे. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. मग कडक भाकरी यायची, पापडासारखी वाजणारी, आणि इथून पुढं त्याचा सोहळा सुरू व्हायचा. तो भाकरी हातानं मोडायचा नाही. ताटात उभी धरून तळव्यानं एकदाच दाबायचा, तिचे तुकडे पडले की मोठे माझ्याकडं सरकवायचा, चुरा आपल्या आमटीत घालायचा, आणि तो भिजेपर्यंत कांद्यावर अशी मूठ हाणायचा की शेजारच्या पंगतीतला माणूस दचकून बघायचा. "खा बे, काय बघायलास?" हे मला असायचं.

आम्ही बोलायचो खूप. आप्पा दिवे मालवायला लागेपर्यंत, बडीशेप संपल्यावरसुद्धा, रिकामा तांब्या मध्ये ठेवून बोलायचो. पण काय, ते आता काही केल्या आठवत नाही. त्याच्या बोलण्यातलं एक अख्खं वाक्य हाती लागावं म्हणून कितीदा रात्री जागून पाहिलं, हाती येतं ते कर्डीचं तेल.

त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतरची एक पंगत तेवढी वेगळी आठवते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलेलं, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारीकडची गावंच्या गावं दगडामातीखाली गेली. पुढं कित्येक रात्री लातुरात कुणी छपराखाली पाठ टेकली नाही. आप्पांनीही चटया बाहेर गल्लीत अंथरल्या. आम्ही उघड्यावर जेवत होतो, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि त्या दिवशी त्यानं कांद्यावर मूठ मारली नाही, आप्पांकडं विळी मागितली.

पुढं नोकऱ्या लागल्या, तो नांदेडला गेला. मी चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं जायचो, तर हा वजिराबादेत तहारीच्या दुकानापाशी उभा. हळदीनं पिवळा झालेला तो मसालेभात सकाळच्या पारी खायचा, आणि दुपारी भूक नसतानाही सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत मांडी घालायची. दोन्ही हात पुढं करून रोटी घेताना तो फार सज्जन दिसायचा.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. आप्पांची खानावळही राहिली नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. मागं नांदेडला त्याच्या घरी गेलो होतो. वाढता वाढता वहिनींनी विचारलं, "भाऊजी, तिथं तासन् तास बसून तुम्ही दोघं बोलायचात तरी काय हो?"

मला सांगता येईना. मी आपला येसराची आमटी, चटणीतलं आळं, भाकरीचे तुकडे असं सांगत सुटलो. वहिनी हसल्या.

"हे तर ह्यांनीही सांगितलं होतं. आणि म्हणायचे, पहिली भाकरी तुम्ही नुसत्या मिठाशी खायचात. आप्पा रागवायचे म्हणे."

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी ताट सरकवून त्यांच्याकडं वळून बसलो आणि म्हणालो, "आणखी काय काय सांगायचा?"