गरम झाल्याची वर्दी

एलएम75. नॅशनल सेमीकंडक्टरची जुनी, आठ पायांची चिप. आय-टू-सी बसवर बसते, अर्ध्या अंशाच्या टप्प्याने तापमान सांगते. एक पाय (पिन) ‘ओएस’चा, मर्यादा ओलांडली की तो खाली जातो. वीज मिळताच मर्यादा लागू: वरची 80 अंश, परतीची 75. सॉफ्टवेअर उठायच्या आधीपासून चिप पहाऱ्यावर. ही रचना मला मनापासून आवडते.

*

परतीचा आकडा वेगळा नसता तर 80 च्या काठावर पिन सारखी वर-खाली झाली असती. शिवाय एका चुकार मोजणीवर विसंबायचं नसेल तर 1, 2, 4 किंवा 6 सलग मोजण्या मर्यादेबाहेर जाईपर्यंत थांबायला सांगता येतं. एक मोजणी साधारण 100 मिलिसेकंदांची. शेजारी मोटर असेल तर हा उशीर खुशाल पत्करावा.

*

मोड दोन. कंपॅरेटर मोडमध्ये तापमान 75 च्या खाली येईस्तोवर पिन खालीच. पंखा चालवायला एवढं पुरतं. इंटरप्ट मोडमध्ये 80 ओलांडताच पिन खाली जाते आणि कोणीतरी चिपचं रजिस्टर वाचेपर्यंत तशीच राहते. कुठलंही रजिस्टर. वाचलं की मोकळी. पुढची वर्दी थेट 75 च्या खाली उतरल्यावर.

म्हणजे 81 ला वर्दी आली, वाचली, आणि पारा 110 वर गेला तरी पिन गप्प! यंत्र बंद करण्याची जबाबदारी या मोडवर कधीही टाकू नये.

आणखी एक: इथे वाचणं म्हणजेच वर्दी पुसणं. ड्रायव्हर काम करत असताना दुसऱ्या खिडकीतून कोणी जबरदस्तीने रजिस्टरं चाळली, तर वर्दी त्या चाळण्यातच संपते. चिपशी बोलणारा एकच असावा.

*

ओएससारख्या ओपन-ड्रेन, म्हणजे तार फक्त खाली ओढणाऱ्या, अनेक चिप्सच्या पिना एकाच तारेवर जोडता येतात. एसटीतली घंटीची दोरी कुठूनही ओढा, ड्रायव्हरला घंटा तेवढी ऐकू येते. ओढली कोणी, ते कळत नाही. आय-टू-सीवर बेतलेल्या एसएमबसने यावर सुंदर तोड काढली. होस्ट 0001100 या राखीव पत्त्यावर विचारतो. तार ओढणाऱ्या सगळ्या चिप्स एकदमच आपला पत्ता सांगू लागतात. डेटाच्या तारेवर शून्य एकाला दाबतं, म्हणून सर्वांत लहान पत्ता जिंकतो. जिंकलेली चिप वर्दीची तार सोडते, उरलेल्या धरून ठेवतात. होस्ट पुन्हा विचारतो. (जुन्या एलएम75 ला हे येत नाही, एलएम90 च्या घराण्याला येतं.)

*

वर्दीची पिन प्रोसेसरला इंटरप्ट देते. पण लिनक्समध्ये इंटरप्ट हँडलरला झोपता येत नाही, आणि 100 किलोहर्ट्झवर तापमान वाचायला पत्ते धरून पाच बाइट, म्हणजे 450 मायक्रोसेकंद तरी लागतात. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडवर सोपवतात. ते होईपर्यंत इंटरप्ट झाकून ठेवायचा. पिन अजून खालीच असते, इंटरप्ट झाकला नाही तर प्रोसेसर त्याच वर्दीत अडकून पडेल.

*

एलएम90 घराण्यातल्या काही चिप्स होस्टला पत्ता सांगितल्यावरही तार नीट सोडत नाहीत. लिनक्सचा ड्रायव्हर त्यांची नावं ओळखून आहे: त्यांचा अलर्ट, म्हणजे वर्दीची पिन, तो बंद करतो, तापमान उतरलं का हे स्वतः अधूनमधून तपासतो, मगच अलर्ट पुन्हा उघडतो. डेटाशीटपेक्षा अशा कोडमधून मी जास्त शिकलो.

*

पुष्कळ बोर्डांवर अलर्टची पिन प्रोसेसरपर्यंत नेलेलीच नसते. तिथे लिनक्समधली ‘टेम्प1_मॅक्स_अलार्म’ ही फाइल ठरावीक वेळाने वाचत राहायची: 0 की 1.