उन्हाळा, बिअर आणि दादा

मे महिन्यात अड्याळला कोण जातं? मी जाते! पुण्यातली गँग मनाली-मसुरीची तिकिटं काढत असते, तेव्हा मी नागपूरच्या गाडीत बसलेली असते. तिथून भंडारा आणि मग पवनी रोडवरचं आमचं अड्याळ. पारा पंचेचाळीसच्या आसपास, घरात कूलरची घरघर आणि संध्याकाळी वावरात, विहिरीजवळच्या आंब्याखाली आम्हा चुलतभावंडांची बैठक. वर्षातून दोनच संध्याकाळी. फल्लीदाणे, मुरमुरे, कांदा आणि बिअर. दरवर्षी काहीतरी वेगळी.

मी बिअर एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही. पण पत्रकार असल्यामुळे मोबाइलमध्ये नोंदी करायची खोड आहे. परवा या सगळ्या उन्हाळ्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या. मला वाटत होतं, मी चवींबद्दल लिहून ठेवलंय...

२०१९ : किंगफिशर, विहिरीतली

माझं वय बावीस. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस पूर्ण लागतात, म्हणजे मी सरकारच्या कायद्यात बसत होते. आईच्या नाही! दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. घरच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवणं शक्य नव्हतं, तिथे आजीचं राज्य. मग दादाने बाटल्या ओल्या बारदानात गुंडाळून बादलीतून विहिरीत सोडल्या. दोन तासांनी काढल्या तेव्हा काच गार होती, आतली बिअर मात्र जेमतेम.

साडेसहाशे मिलीची एक बाटली चौघांत. स्टीलचे ग्लास. पहिला घोट म्हणजे कारल्याचं पाणी.

‘काऊन वं, कशी लागली?’

‘कडू.’

‘दुसरा घोट घे, मंग सांग.’

दुसऱ्या घोटाला कडूच्या मागे पोळीच्या भाजलेल्या कडेसारखं काहीतरी लागलं. कडवटपणा हॉप्सच्या फुलांचा आणि भाजकी चव बार्लीच्या माल्टची, हे नंतर कळलं. त्या दिवशीची नोंद एवढीच : ‘कडू. पण परत हवीशी.’

२०१९ : काहीच नाही

त्याच महिन्यात आम्ही ताडोबाला गेलो. विदर्भात आउटिंग प्लॅन करताना रस्त्यांच्या नकाशासोबत दारूबंदीचा नकाशाही बघावा लागतो. वर्धा आणि गडचिरोली ड्राय, भंडारा नाही. चंद्रपुरात २०१५ पासून बंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. म्हणजे आमची ट्रिप बरोबर ड्राय काळात.

सफारी झाली, रात्री पत्त्यांचा डाव रंगला. कुणाला बिअरची आठवणही झाली नाही. दादा सोडून. तो दिवसभर चिडचिड करत होता, डोकं दुखतंय म्हणाला आणि आठलाच झोपला. ऊन लागलं असेल, असं आम्ही म्हणालो. माझी नोंद : ‘बिअर नाही. मजा आली. दादाला ऊन लागलं.’

२०२२ : बडवायझर आणि एक हिरवी बाटली

लॉकडाऊनची दोन वर्षं गेली. त्यानंतरची पहिली बैठक, म्हणून खास दोन प्रकार आणले होते. बडवायझर हलकी, स्वच्छ, जिभेवर थांबतच नाही. ही बार्लीबरोबर तांदूळ घालून बनवतात, असं मी ऐटीत सांगितलं. भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. दादा खूश! ‘म्हंजे आपलंच धान पिऊन रायलो आपण!’

हिरव्या बाटलीतल्या बिअरची मात्र आम्हीच वाट लावली. बाइकच्या हँडलला पिशवी लटकवून ती दुपारभर उन्हात राहिली होती. उघडली तर खवट, जळक्या रबरासारखा वास. प्रकाशाने हॉप्समधल्या घटकांवर परिणाम होऊन असा वास सुटतो. तपकिरी काच प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. लक्षात ठेवा, पिकनिकला उपयोगी पडेल.

आम्ही तिघांनी ग्लास झाडाच्या बुंध्याशी रिकामे केले. दादा म्हणाला, ‘पैसे गेले ना बे,’ आणि उरलेली बाटली त्याने एकट्याने संपवली. आम्ही हसलो.

२०२३ : पुण्याची ताजी

त्या वर्षी दादा कामासाठी पुण्यात आला, म्हणून मी त्याला मायक्रोब्रूअरीत नेलं. पुण्याला हे २००९ पासून माहीत आहे, तेव्हा इथे ‘डूलाली’ सुरू झाली. मी त्याच्यासाठी हेफेवायझन मागवली. गव्हाची, गढूळ सोनेरी, वर जाड फेस. वास चक्क केळ्याचा आणि लवंगेचा! गंमत म्हणजे यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. तो सगळा यीस्टचा उद्योग.

दादाने वास घेतला. ‘हे तं शिकरण हाय वं!’

मी खो-खो हसले. ही माझी सगळ्यात आवडती नोंद. तिच्याखाली अजून एक ओळ आहे. दादाने तीन ग्लास संपवले, मग वेटरला विचारलं, ‘यात स्ट्राँग कोणती हाय?’ घरी येताना रस्त्यात एक दुकान दिसलं, तेव्हा त्याने रिक्षा थांबवली.

२०२४ : स्ट्राँग

आंब्याखाली या वेळी दादाने स्वतःच बाटल्या आणल्या होत्या. सगळ्या स्ट्राँग. चव? गोडसर, जड, आणि गिळल्यावर घशात स्पिरिटसारखी ऊब. मी अर्धा ग्लास घेतला आणि म्हटलं, दादा, जरा दमाने.

‘बिअर हाय वं. दारू थोडीच हाय?’

हे वाक्य आपण ऑफिसच्या पार्टीत किती वेळा ऐकतो! मी मोबाइलवर हिशोब मांडला. लेबलवर आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. साडेसहाशे मिलीचे आठ टक्के म्हणजे बावन्न मिली. साठ मिलीचा व्हिस्कीचा लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे त्यात पंचवीस-सव्वीस मिली. थोडक्यात, स्ट्राँगची एक बाटली म्हणजे दोन लार्ज. दादाच्या पायाशी तीन रिकाम्या बाटल्या होत्या. सहा लार्ज. आणि घरी जायला बाइक.

मी किल्ली काढून घेतली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दादाने माझ्यावर आवाज चढवला. किल्ली दिली नाही. चालतच घरी आलो, तो दहा पावलं पुढे, मी मागे.

अंगणात वहिनी उभी होती. तो आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘ताई, तुमी दोन दिवस येता, हसता-खेळता, जाता. बाकीचे दिवस मीच पायतो.’

आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला पुढचं काही बोलता आलं नाही. वर्षातून दोन संध्याकाळी आम्ही ज्याला मजा म्हणत होतो, ती दादाची रोजची संध्याकाळ होती. ताडोबातलं ऊन, संपवलेली खराब बाटली, थांबवलेली रिक्षा... सगळं मीच लिहून ठेवलं होतं. फक्त ते बिअरच्या चवीखाली टाकलं होतं.

यंदा : पन्हं

दादाने दिवाळीनंतर सोडली. वहिनीने त्याला डॉक्टरांकडे नेलं. सवय जुनी असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, त्यामुळे ते उपचाराने आणि देखरेखीखालीच झालं. फोनवर त्याने मला एवढंच सांगितलं होतं, ‘सुटली वाटते. पाहू.’

यंदा जाताना मी मोठ्या उत्साहात अल्कोहोल नसलेल्या बिअरचे कॅन घेतले. वाटलं, दादालाही बैठकीत बसता येईल. आंब्याखाली एक फोडला, फेस आला. दादाने ग्लास नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला आणि खाली ठेवला.

‘नको वं. वासानंच मन धावते.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं वास आणि चवीच्या नोंदी करणाऱ्या मला हे सुचू नये? मी कॅन पिशवीत भरले आणि पिशवी बाइकला अडकवून आले. धाकटा चुलतभाऊ घरी पळाला आणि स्टीलची कळशी भरून पन्हं घेऊन आला. त्याच्या मागोमाग वहिनीही आली. इतक्या वर्षांत ती या झाडाखाली कधी आली नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं.

मी अजून बिअर पिते. पुण्यात, शुक्रवारी, एखादा ग्लास, आणि घरी कॅबने. आता मागवण्याआधी टक्के बघते आणि टेबलावर कोण थांबत नाहीये, तेही बघते. अड्याळच्या बैठकीत मात्र बिअर नाही, दादा बसलेला असेपर्यंत तरी नाही.

यंदाची नोंद दादाने सांगितली, मी टाइप केली : ‘आंबट, गोड, वेलची जास्त. फेस नाही. वहिनीने दोन ग्लास घेतले.’