पंपावर खापर फोडण्याआधी...

डिझेल गाडी सुरू झाली नाही, की एक सीन हमखास घडतो. कुणीतरी बॉनेटमध्ये डोकावतं, मान हलवतं आणि म्हणतं, ‘पंप गेला!’ बस्स, दोन शब्द. आणि आपण मनातल्या मनात ईएमआय मोजायला लागतो. पंपाचं काम म्हणजे हजारोंचा खड्डा, हे सगळ्यांना माहीत असतं. पंप खरंच गेलाय का, हे कसं कळतं, ते मात्र कुणीच विचारत नाही.

आपली गाडी बंद पडली तर फार तर लोणावळ्याचा वीकेन्ड बोंबलतो. माझ्या मामेभावाची गाडी मात्र त्याचं ऑफिस आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्ण्याजवळ मामाचं घर. दादानं सेकंडहॅन्ड डिझेल गाडी घेतली आणि भाडी मारायला सुरुवात केली. त्यातलं एक भाडं पक्कं. गावातल्या एका काकूंना आठवड्यातून दोनदा, भल्या पहाटे, डायलिसिससाठी बारामतीला न्यायचं. हे भाडं ‘आज नाही जमत’ म्हणून टाळता येत नाही.

मी भिगवणला फ्लेमिंगोंवर फीचर करायला गेले होते आणि मुक्काम अर्थातच मामाकडे होता. गाडीची तक्रार महिनाभर चालू होती. सकाळी सेल्फ मारून मारून जीव जायचा, पण एकदा सुरू झाली की दिवसभर मख्खन! मी पोचले त्या दिवशी तर तिनं हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी काकू शेजाऱ्यांच्या जीपमधून गेल्या. बारामतीच्या एका गॅरेजमधून माणूस आला, पाच मिनिटांत निकाल देऊन गेला. पंप गेला, पंचेचाळीस हजार. दादा पतसंस्थेत कर्जाची चौकशी करायला निघालाच होता. मामा म्हणाला, ‘‘थांब जरा. आधी इंदापूरच्या मिस्त्रीला दाखवू. कर्ज काय, उद्या बी मिळंल.’’

या पट्ट्याला इंजिनाचं वावडं नाही बरं का! शेजारीच वालचंदनगर आहे. ते ज्यांच्या नावानं वसलं, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. खडकीला १९४६मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. वीज येण्याआधी कितीतरी विहिरींवर डिझेल इंजिनंच धडधडायची. बारामतीच्या एमआयडीसीत तर पिआज्जिओच्या तीनचाकी बनतात. मिस्त्रींचं आयुष्य अशाच विहिरींवरच्या इंजिनांत आणि ट्रॅक्टरांत गेलेलं.

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवरून आले. बॉनेट उघडलंच नाही. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘पाव्हणं, मारा सेल्फ.’’

सेल्फ दणदणीत फिरला. म्हणजे बॅटरी सुटली. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. आतली हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्यामुळे ती प्रचंड तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. सेल्फ मंद फिरला, तर हवा तापतच नाही. पंप कितीही ठणठणीत असो, गाडी सुरू होणार नाही!

‘‘धूर न्हाई,’’ मिस्त्री सायलेन्सरकडे बघत म्हणाले. दादानं विचारलं, ‘‘म्हणजे?’’ ‘‘म्हंजी डिझेल आत पोचतच न्हाई. पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोचतंय पण पेटत न्हाई. मग हीटर प्लग बघितलं असतं.’’

म्हणजे एका नजरेत अर्धे संशयित बाहेर! मला तर डिटेक्टिव्ह सिनेमा बघितल्यासारखं वाटत होतं.

मग त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घेतलं. पाणी असतं तर तळाशी वेगळं दिसलं असतं. नव्हतं. चावी फिरवून पंपाजवळ कान नेला. टक् असा आवाज आला. जुन्या पंपावर डिझेल उघडबंद करणारा एक सोलेनॉइड असतो, त्याची नुसती वायर सुटली तरी गाडी मुकी होते. तोही ठीक होता. मग फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबायला घेतला. आधी तो स्पंजासारखा मऊ लागला, पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर टणक झाला. सेल्फ मारला आणि गाडी सुरू! दादा ओरडलाच. मिस्त्री मात्र बंद करून चहा प्यायला बसले. अर्ध्या तासानं हातपंप पुन्हा मऊ.

‘‘एअर धरतीय,’’ ते म्हणाले.

शेवटची टेस्ट तर सॉलिड होती. एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेतलं, कॅन इंजिनापेक्षा उंचावर ठेवला आणि टाकीकडून येणारी नळी काढून त्या कॅनमधून डिझेल दिलं. आता गाडी सुरू झाली, बंद केली, तासाभरानं पुन्हा एका हाफ सेल्फमध्ये सुरू झाली. म्हणजे पंप निर्दोष! दोष टाकी आणि फिल्टर यांच्या मध्ये कुठेतरी. तो सापडला गाडीखाली, क्लिपजवळ तडकलेल्या रबरी नळीत. खाली डिझेलचा एक थेंब नव्हता, कारण या नळीतून पंप डिझेल खेचून घेतो. त्यामुळे तडा गेला की डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत येते. रात्रभर उभ्या गाडीत डिझेल टाकीत उतरायचं आणि सकाळी पंपाच्या तोंडी हवा!

दीड फूट नळी, दोन क्लिपा, मिस्त्रींची मजुरी. सगळे मिळून सातशे रुपये. त्या आठवड्यात दुसऱ्या फेरीला काकू दादाच्याच गाडीतून गेल्या.

मी विचारलं, ‘‘मग पंप कधीच जात नाही का?’’ ते हसले. ‘‘जातो की! पण सांगून जातो.’’ जुना पंप आतून झिजला की गाडी थंड असताना सुरू होते आणि तापल्यावर अडून बसते. नव्या कॉमन रेल गाड्यांत फिल्टरमध्ये धातूचा चमकता चुरा दिसला, तर मामला खरंच गंभीर. पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. नाशिकला बॉशच्या, म्हणजे जुन्या मायकोच्या, कारखान्यात जी नोझल्स बनतात, त्यांच्या आतल्या भागांत जेमतेम दोन-चार मायक्रॉनची फट असते. तिथं पाणी किंवा कचरा गेला की संपलंच.

तुमची गाडी कॉमन रेलवाली असेल, तर मिस्त्रींची सगळी युक्ती तिथं चालणार नाही. तिथं स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलमध्ये प्रेशर किती बनतंय, ते बघतात. ते बनत नसेल, तरी लगेच पंपाला फाशी नको. एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवत असला तरी प्रेशर पडतं. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावून ते मोजता येतं. एक मात्र सांगते, हाय प्रेशरची नळी स्वतः सैल करायला जाऊ नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो.

मारुतीनं एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं. म्हणजे तुमच्या-आमच्या बजेटमध्ये येणाऱ्या बऱ्याच डिझेल गाड्या आता सेकंडहॅन्डच असणार, आणि त्यांच्या नळ्याही म्हाताऱ्या. तेव्हा कुणी ‘पंप गेला’ म्हणालं, तर घाबरून कार्ड काढू नका. मोबाइलमध्ये एवढं सेव्ह करून ठेवा: सेल्फ जोरात फिरतो का? धूर येतो का? फिल्टरमध्ये पाणी आहे का? एअर धरतेय का? आणि मग गोड आवाजात विचारा, ‘‘यातलं काय काय तपासलंत?’’

उत्तर नीट आलं तर खुशाल पंप काढू द्या. नाही आलं, तर दुसरा मिस्त्री शोधा. चहा मात्र आपल्याकडून!