जास्वंदीची कुंडी आणि आपली जयणा
आपल्या मारेगावची काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडीतल्या जास्वंदीला नुसती ती चालत नाही. पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात; सुकली की भेगाळते. म्हणून मी काळी माती, रेती आणि कुजलेला पालापाचोळा सारखाच घेते, वर मूठभर निंबोळी पेंड.

विकतच्या तयार मातीत बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, असू शकतो. पिशवीवरची यादी वाचूनच घ्या.

माती स्वतःच पृथ्वीकाय जीव. हिंसा पूर्ण टळत नाही, जयणेने कमी होते. म्हणून कुंडी फाल्गुनातच बदलते; चातुर्मासात ओल्या मातीत जीव फार, तेव्हा खुरपं बाजूला. सासूबाई म्हणतात, "फूल वाहिलं नाही तरी चालेल, झाड जपणं हीसुद्धा जीवदयाच."